नव्या गाडीतला गोड वास

शहापूरच्या नाक्यापासून पाच मिनिटं चाललं की हायवेला लागून माझं गॅरेज होतं. आता त्या जागेत टाइल्सचं दुकान आहे आणि मी घरी बसून दोनदा पेपर वाचतो. दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री काय लिहिणार?" ते म्हणाले, "आम्हाला जे माहीत नाही ते लिहा." म्हणून वासाबद्दल लिहितो.

मिस्त्री कानाने काम करतो, असं लोकांना वाटतं. तसं ते खरं आहे, पण आवाज फार फसवतो. डाव्या चाकातली करकर उजवीकडून ऐकू येते. वासाचं तसं नसतं. क्लच जळला की कागद जळल्यासारखा वास येतो. माळशेज घाट पहिल्यांदा चढून परत आलेल्या ड्रायव्हरच्या गाडीला तो हमखास असायचा. बॅटरी जास्त चार्ज होत असेल तर सडक्या अंड्यांचा. वायर वितळायला लागली तर प्लास्टिकचा, आणि तो आला की आधी बॅटरीची तार काढायची, बिघाड मागाहून शोधायचा. पेट्रोलचा आला तर गाडीतली माणसं आधी खाली उतरवायची.

याखेरीज एक वास कोऱ्या गाडीचा. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा सायलेन्सरला, इंजिनच्या काही भागांना गंज लागू नये म्हणून मेणासारखा लेप दिलेला असतो. इंजिन तापलं की तो जळतो. पहिले काही दिवस बोनेटमधून वास येत राहतो, कधी थोडा धूरही दिसतो. मालक घाबराघुबरा होऊन गाडी घेऊन येतो. बोनेटवर हळदकुंकू तसंच असतं, झेंडूची माळ सुकून गेलेली असते. त्याला सांगायचं, "नव्या गाडीला वास येतोच. चालवा, जाईल." आणि बहुतेक वेळा तो खरंच जायचा. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की पुढेपुढे बोनेट उघडायच्या आधीच बोलून मोकळा व्हायला लागलो.

नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे कोरी गाडी म्हणजे बघायला जायची गोष्ट होती. पुढे मुरबाडला कारखाने वाढले, मास्तरांनी, धरणावर नोकरीला असलेल्या लोकांनी गाड्या घेतल्या, तशा वासाच्या तक्रारीही वाढल्या. मुरबाडच्या एका मास्तरांच्या गाडीत रोज भुईमूग भाजल्याचा वास यायचा. ते म्हणाले, "मिस्त्री, वास वाईट नाही हो. पण शाळेत पोचेपर्यंत भूक लागते." बोनेट उघडून बघतो तर गरम पाइपाच्या मागच्या खोबणीत उंदराने ओंजळभर शेंगा नेऊन ठेवलेल्या. मास्तरांच्या ओट्यावर शेंगा वाळत होत्या आणि ओट्याला लागूनच गाडी उभी असायची. मास्तरांनी एक शेंग फोडून तोंडात टाकली आणि म्हणाले, "अजून थोड्या कच्च्या आहेत."

असल्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात, कारण त्यात मी शहाणा ठरतो. आता सांगणार आहे ती गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. किन्हवलीजवळच्या एका गावातला प्रकाश भातसानगरला धरणावर नोकरीला होता. माझं त्याच्या मोटरसायकलमुळे ओळखीचं गिऱ्हाईक. दसऱ्याला त्याने पांढरी कोरी गाडी घेतली, त्यांच्या आळीतली पहिली. दिवाळी झाल्यावर तो गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर त्याचे वडील गोविंदकाका, पुढे त्याच्या शेजारी आई, हिराबाई. साठीच्या पुढची, अंगाने काटक, कानाला घट्ट रुमाल बांधलेला. वारा लागला की तिचा कान ठणकायचा. मी तिला मावशी म्हणायचो.

प्रकाश उतरला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, आईला गाडीत वास येतो. बाकी कुणाला येत नाय. जरा बगा न् तिला समजावा."

मी मावशीला विचारलं, "कसला वास?"

"मोहाची फुलं उकडत घातल्यागत," ती म्हणाली. "गोड. चढण चढून झाली का येतो, मग जातो."

मोहाची फुलं म्हणजे आमच्याकडे दोन गोष्टी. उन्हाळ्याच्या तोंडी झाडाखाली सडा पडतो, तो वेचून वाळवतात, पूर्वी उकडून खातही असत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दारू. त्यामुळे प्रकाश एकदम कावराबावरा झाला. "आई, हळू बोल. लोक म्हनतील धरणावरचा मानूस गाडीतनं काय नेतो."

मी हसलो. तीही हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. "माजं म्हायेर टोकावड्याच्या वरलं," ती म्हणाली. "आमी लहानपनी तीच खाऊन ऱ्हायलो. मला मोहाचा वास कळंना?"

मी बोनेट उघडलं. ऑइल बघितलं. गाडी थंड ठेवणाऱ्या पाण्याची पांढरी बाटली बघितली. त्या पाण्यात हिरवं औषध मिसळलेलं असतं, त्याला आम्ही कूलंट म्हणतो. पातळी रेघेवर होती. मग एकटाच गाडी घेऊन आसनगावपर्यंत जाऊन आलो. काचा खाली होत्या, आरशाला प्रकाशने लिंबाच्या वासाची बाटली टांगलेली होती. मला लिंबाशिवाय कसलाही वास आला नाही. परत आलो आणि म्हणालो, "मावशी, नव्या गाडीला वास येतोच. जाईल."

ती गाडीत बसली. दार लावताना तिने माझ्याकडे बघितलं. तिला पटलेलं नव्हतं, पण मिस्त्रीपुढे काय बोलणार?

संक्रांतीच्या आसपास ते तिघं पुन्हा आले. या वेळी प्रकाश वैतागलेला होता. गाडीत बसलं की आई नाक वर करून हुंगते, सून घाबरते, मुलगी आजीची नक्कल करते. मी मावशीला म्हणालो, "अजून तोच मोहाचा वास?"

"नाय. आता गोड कमी झायला. आता धुन्याचा हंडा उकलतो ना, तसा येतो. ओला."

प्रकाशने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. वास आहे, तोही एकटीलाच येतो, आणि आता तो बदलतोसुद्धा. मी पुन्हा बोनेट उघडलं. ऑइल बरोबर, पाणी बरोबर रेघेवर. खाली जमिनीवर एक थेंब नाही. तिला गॅरेजमधल्या स्टुलावर बसवून मी आणि प्रकाश किन्हवलीच्या रस्त्याने लांब जाऊन आलो. प्रकाश सुगंधी सुपारी चघळत होता. दोघांनाही काही वास आला नाही.

परत आलो तर मावशी तशीच बसलेली. म्हणाली, "मला घेऊन जायाला पायजे व्हतंस."

मी म्हणालो, "मावशी, माझं नाक तीस वर्षं याच धंद्यात आहे."

"म्हनून तर," ती म्हणाली.

त्या वेळी मला राग आला होता. पेट्रोलने हात धुणाऱ्या माणसाच्या नाकाचं काय होतं, हे मला ठाऊक होतं. जेवताना आमटीत हिंग आहे की नाही हे मला बायकोला विचारावं लागायचं. पण धंद्यात ते कबूल कोण करणार? मी प्रकाशला बाजूला घेऊन म्हणालो, "गाडीत काही नाही. तू आईला डॉक्टरला दाखव." हे माझे शब्द आहेत, ते दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाहीत.

होळी झाल्यावर प्रकाश एकटाच हवा भरायला आला. चेहरा उतरलेला. मी आईचं विचारलं तर म्हणाला, "ती गाडीत बसतच नाय आता. येष्टीने जाते. मिस्त्री, तुमाला एक सांगायचंय. माजी आजी, आईची आई, शेवटी शेवटी असंच करायची. चुलीवर काय नसायचं न् म्हनायची, भात करपतोय, भात करपतोय. मग मानसं वळखंना झाली. आईनेच तिचं सगलं केलं. आता आईला..." त्याने खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला.

शहापूरच्याच डॉक्टरांचा केसपेपर होता. तोवर मी कधी दुसऱ्याचा केसपेपर वाचला नव्हता. त्यावर लिहिलं होतं, नसलेले वास येतात, वासाचं स्वरूप बदलतं, आईला म्हातारपणी असाच त्रास. ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवत आहे. आणि मधल्या एका ओळीत लिहिलं होतं, मेकॅनिककडून वाहनाची दोनदा तपासणी, दोष नाही.

डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी आधी गाडीबद्दलच विचारलं होतं, प्रकाश म्हणाला. म्हणजे मावशीच्या डोक्यात बिघाड आहे याला पुरावा काय, तर माझं बोलणं. मी कागद परत दिला. हवा भरली. पुढच्या आठवड्यात ठाण्याची तारीख होती.

ती तारीख यायच्या दोन दिवस आधी मला टोकावड्याहून बोलावणं आलं. घाटाकडे निघालेल्या मुंबईच्या एका कुटुंबाची गाडी रस्त्यात बंद पडली होती, धाब्यावरून त्यांनी फोन लावला. मी मोटरसायकलवर अवजारांची पिशवी बांधून निघालो. दुपारचे बारा वाजून गेलेले. टोकावड्याच्या अलीकडे वळणावर आलो आणि मला गोड वास आला. माझ्यासारख्या मेल्या नाकाला आला म्हणजे चांगलाच असणार. मनात आलं, मोह फुलला यंदा. मान वर करून झाड शोधायला लागलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंबे होते, पुढे एक वड. मोहाचं झाडच नव्हतं. रस्त्याकडेला एक बाई सरपणाची मोळी उतरवून दम खात बसली होती. तिला विचारलं, "बाय, मोह पडायला लागला का गो?"

"कुटचा मोह? आजून दिस हायेत," ती म्हणाली. "वास त्या गाडीचा येतोय."

वळणापलीकडे ती बंद पडलेली गाडी उभी होती. बोनेट उघडं, रबरी नळी फुटलेली, त्यांनी नुकतीच पुन्हा गाडी चालू करून बघितलेली, त्यामुळे हिरवं कूलंट तापलेल्या इंजिनवर पडून चर्र चर्र वाजत होतं. मी त्याच्यावर वाकून उभा राहिलो. हा वास मी हजारदा घेतला होता. आम्ही त्याला कूलंटचा वास म्हणतो आणि पुढे जातो. तो कशासारखा आहे, हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नव्हता. तो गोड असतो. जड असतो. उकडलेल्या मोहासारखा असतो.

त्या लोकांची नळी मी बदलली, पण माझं लक्ष हातात नव्हतं. मावशीला वास आला तो कूलंटचा, हे आता कळत होतं. पण मग पातळी रेघेवर कशी? दोनदा बघितली होती. कूलंट जळतंय आणि कमीही होत नाही, असं कसं होईल? आणि गोड वासाचा हंड्याचा वास कसा झाला? परतीच्या वाटेवर मुरबाड मागे पडलं तरी हेच डोक्यात. कोडं सुटेना म्हणून चिडायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांनी मला धंद्यात असं कुतूहल वाटत होतं. गॅरेजवर न जाता मी मोटरसायकल तशीच किन्हवलीकडे वळवली.

प्रकाश नुकताच ड्यूटीवरून आला होता. गाडी अंगणात उभी. गोविंदकाका ओट्यावर दोरी वळत बसलेले. मावशी आतून आली, मला बघून दारातच थांबली.

मी म्हणालो, "मावशी, तुम्हाला न्यायला आलोय. मागच्या वेळी नेलं नाही, ते चुकलं."

"कशाला?" ती म्हणाली. "दोन दिसांनी ठान्याला जायचंच हाय मला."

"माझं नाक गेलंय, म्हणून. तुमचं पाहिजे."

ती आत जाऊन रुमाल बांधून आली. मी आरशाची लिंबाची बाटली काढून प्रकाशच्या हातात दिली. त्याला सुपारी थुंकायला लावली. मावशीला नेहमीच्या जागी पुढे बसवलं, काचा वर केल्या, पंखा सुरू केला आणि गावाबाहेरचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये दोनदा चढवला. मागे प्रकाश बसला होता. तिसऱ्या वेळी वर पोचून थांबलो तशी मावशीने बोट वर केलं.

"आला."

मला काही येत नव्हतं. प्रकाश पुढे वाकला, नाक तिच्या पायाशी असलेल्या हवेच्या जाळीजवळ नेलं. आणि तसाच राहिला. "आई गो," तो एवढंच म्हणाला.

गाडी अंगणात आणून बोनेट उघडलं. इंजिन तसंच चालू ठेवलं. मावशीने पदर खोचला आणि वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता हुंगत गेली. बाजारात सुकी मासळी निवडतात तशी. बॅटरीजवळ थांबली, "ह्यो नाय," म्हणाली. ऑइलच्या झाकणाशी थांबली, "ह्योबी नाय." मग अगदी मागे, जिथे इंजिन संपतं आणि गाडीच्या आतला भाग सुरू होतो, तिथल्या खोबणीकडे बोट केलं. "हितं."

मी टॉर्च मारला. थंडीत गाडीच्या आत गरम हवा यावी म्हणून गरम पाण्याची एक नळी तिथून आत जाते. आमच्याकडे ती हवा कुणी लावत नाही, पण पाणी नळीतून फिरतच असतं. त्या नळीच्या तोंडावरची क्लिप कारखान्यातूनच तिरकी बसली होती. भोवती मिठासारखा पांढरट हिरवा थर जमलेला. इंजिन चढाला तापलं, आत दाब वाढला की तिथून एकेक थेंब सुटायचा आणि खालच्या तापलेल्या पाइपावर पडून वाफ होऊन जायचा. जमिनीवर डाग पडणारच कसा? आणि वाफ जायची ती बरोबर वरच्या, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून आत, मावशीच्या पायाशी. प्रकाशच्या बाजूची काच खाली, तोंडात सुपारी, समोर लिंबू, त्याला वास येणार कुठून?

"पण पाणी भरलेलं कसं?" मी मोठ्याने म्हणालो.

गोविंदकाका ओट्यावरून म्हणाले, "मी घालतो की."

आम्ही तिघंही वळलो.

"रोज सकाली. प्रकाश उठायच्या आदी. गाडी आनली तवा त्यानंच दावलं, हितं पानी असतं म्हनून."

"रोज लागतं?" मी विचारलं.

"अर्दा तांब्या. कंदी जास्त."

"बाबा, मग सांगायचं नाय का?" प्रकाश ओरडलाच.

काकांनी दोरी खाली ठेवली. त्यांनी पंधरा वर्षं दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवला होता. "त्यात सांगायचं काय? टॅक्टरलाबी रोज लागायचं. गाडीला पानी पाजल्याबिगर बाहेर काडू नये. मला कुनी इचारलं नाय."

खरंच विचारलं नव्हतं. मी गाडीच्या मालकाला विचारलं, चालवणाऱ्याला विचारलं. म्हातारा दोन्ही वेळा गॅरेजमध्ये माझ्यासमोर बसून चहा प्यायला होता.

मी पांढऱ्या बाटलीचं झाकण उघडलं. आत पाणी रेघेवर होतं. नळाच्या पाण्यासारखं, हिरव्याची नुसती झाक. जसंजसं कूलंट जळत गेलं तसंतसं काका साधं पाणी घालत गेले. म्हणून गोडवा कमी झाला, म्हणून शेवटी हंड्याच्या वाफेचा वास उरला. वास बदलतो, हे मावशीचं म्हणणं तिच्या विरोधात गेलं होतं, आणि गाडीत नेमकं तेच घडत होतं. संक्रांतीला मी ही बाटली बघितली तेव्हाही तिचा रंग उतरला असणार. मी पातळी बघितली, रंग बघितला नाही. शिकाऊ माणसाने अशी चूक केली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

मी क्लिप काढून नीट बसवली, आवळली. पाच मिनिटांचं काम. ती क्लिप ठाण्याच्या वाटेवर सुटली असती तर उकळतं पाणी क्षणात गेलं असतं आणि नवं इंजिन हायवेवर जागीच जाम झालं असतं. मागे ट्रक असता तर काय, ते मी प्रकाशला सांगितलं नाही. त्याला कळलं होतं.

मावशी ओट्याच्या पायरीवर बसली होती. एवढं सगळं खरं ठरल्यावर ती आम्हाला काहीतरी सुनावेल, अशी माझी तयारी होती. तिने विचारलं, "मिस्त्री, म्हंजे वास व्हता ना खरा?"

"होता मावशी."

"पयल्यापास्नं?"

"पहिल्यापासून."

ती दोन्ही हातांनी गुडघे दाबत बसली. मग खाली बघून बोलायला लागली. "मी रोज पाटे उठून डोले मिटायची न् फलीवरचे डबे हुंगायची. हिंग, मेथी, साबन, रॉकेल. मग डोले उगडून बगायची. सगलं बरोबर यायचं."

"मग बरं वाटत असेल," मी म्हणालो.

"नाय रे. उलटं भ्या वाटायचं. नाक धड हाय न् तरी नसलेला वास येतो, म्हंजे डोस्कंच गेलं. माज्या आयचंबी असंच सुरू झायलं व्हतं. मी बगितलंय सगलं. शेवटी ती मलाच इचारायची, तू कुनाची गो?"

प्रकाश नळावर हात धूत होता. त्याने नळ बंद केला, पण वळला नाही. घरातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. चार महिने ती रोज अंधारात एकटी स्वतःची परीक्षा घेत होती, आणि आम्ही सगळे तिला हट्टी समजत होतो.

थोड्या वेळाने प्रकाश तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. "आई, ठान्याला नाय जायचं आता."

"ठान्याला नको," ती म्हणाली. "पन शापूरला चल. डॉक्टरनं कागदावर लिवून ठेवलंय माज्याबद्दल. ते तसंच ऱ्हायाचं का?"

"आई, तो कागद फाडून टाकू आपन."

"फाडायचा नाय. तिकडं त्याच्या वहीतबी असंल. त्याला सांगायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूबी चल. तुजंबी लिवलंय ना त्यात."

दवाखाना संध्याकाळी पाचला उघडायचा. प्रकाशने गाडी काढली, मावशी पुढे बसली, मी मागे काकांच्या शेजारी. सगळ्या वाटेत प्रकाशने काच वर केली होती आणि दर थोड्या वेळाने तो नाकाने श्वास ओढत होता. मावशी मात्र निवांत बाहेर बघत होती.

डॉक्टर चाळिशीचे, शांत माणूस. मी उभा राहून सगळं सांगितलं. क्लिप, वाफ, काकांचा तांब्या. माझी चूकही सांगितली. त्यांनी मध्येच दोन-तीन प्रश्न विचारले, ते मावशीला विचारले, आम्हाला नाही. चढावरच यायचा का? दुसरीकडे कुठे यायचा का? घरी? शेतात? ती म्हणाली, "नाय. गाडीतच." डॉक्टरांनी हातात पेन घेतलं. मग म्हणाले, "हे मी तुम्हालाच विचारायला हवं होतं, आजी. मी तुमच्या मुलाला विचारलं." आणि त्यांनी प्रकाशने आणलेला केसपेपर पुढे ओढून त्यावर आडव्या रेघा मारल्या.

मावशीला वाचता येत नव्हतं. ती टेबलावर वाकली. "कोनची वळ खोडली?"

"तुम्हाला नसलेले वास येतात ती. आणि ठाण्याला पाठवायची."

"आनी मिस्त्रीची?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. पेन उलटं करून माझ्यापुढे धरलं. "ही ओळ तुमची आहे," ते म्हणाले.

मेकॅनिककडून वाहनाची दोनदा तपासणी, दोष नाही. मी खुर्चीवर बसलो. हाताला ग्रीस होतं, ते पँटला पुसलं. त्या ओळीवरून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, रेघ ओढली. कागदाला बोटाचा काळा ठसा लागलाच.

मावशीने कागद उचलून उजेडाकडे धरला, डोळे बारीक करून बघितला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"आजून दिसतीय," ती म्हणाली. "आजून एकदा मार."